बुधावरून परत

ता. ८ नोव्हेंबर १९३७, जळगाव

दिवाळीची सुट्टी म्हणून मी आणि लेक मंजुळा धुळ्याहून थोरल्या बहिणीकडे, धुरपदाअक्काकडे आलो आहोत. काल अक्काच्या हट्टापायी बोलपट पाहिला. त्या दोघी बायकांच्या पडद्यामागे बसल्या आणि मी पुढे बाकावर. जाहिरातीच्या कागदावर ‘इंग्रजी भाषेतील गाजलेल्या शास्त्रीय कादंबरीवरून’ असं छापलेलं होतं, म्हणून मी तयार झालो. नाहीतर गाणी ऐकायला मी पैसे देणारा नव्हे.

एक दाढीवाला राजज्योतिषी पत्र्याच्या विमानात बसून मुलीला घेऊन बुध ग्रहावर जातो. तिथे नारळाची झाडं, कारंजी, नाचणाऱ्या बाया आणि डोळे गरगर फिरवणारा एक दुष्ट राजा. राजा मुलीला कोंडतो आणि ज्योतिष्याचा शिष्य तलवार घेऊन तिला सोडवतो. मग लग्न, अक्षता, शेवटचं गाणं. सूर्याला इतका चिकटून असलेला ग्रह आणि त्यावर नारळ! इतकी वर्षं पोरांना भूगोल शिकवतो आहे, माझ्याच्याने गप्प बसवेना. शेजारचा मनुष्य म्हणाला, “मास्तर, आपण घरी जाऊन शिकवा.”

टांग्यात अक्का डोळे पुसत होती. मंजुळा म्हणाली, “आबा, मूळ पुस्तकात काय असेल हो?”

मी म्हटलं, “जे खरं असेल ते असेल. मिळालं तर तुला वाचून दाखवीन. एक अक्षर इकडचं तिकडे न करता.”

ता. २२ नोव्हेंबर, धुळे

पुस्तक मिळालं! वाचनालयातल्या इंग्रजी कपाटात होतं. कुणी साहेब बदली होऊन जाताना आपली पुस्तकं इथेच ठेवून गेला होता. लाल कापडी बांधणी, आत चार चित्रं. फार वर्षांपूर्वीची कादंबरी आहे, पण ग्रंथपाल म्हणाले की विलायतेत अजून आवडीने वाचतात.

मंजुळा मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झाली आहे, पण इंग्रजी तिला पहिल्या-दुसऱ्या पुस्तकापुरतंच येतं. तेव्हा जेवणं आटोपली की मी वाचायचं, मराठीत सांगायचं आणि तिने ऐकायचं, असं ठरलं. तिची आई गेल्यापासून दिवेलागणीनंतर काहीतरी वाचायची आमच्याकडे रीतच आहे. ती पोथ्यांवर सुरू झाली, आज बुधावर गेली.

ता. १ डिसेंबर

काय ग्रंथ आहे! बोलपटवाल्यांनी नाव तेवढं उचललं. इथे राजा नाही, तलवार नाही. प्रोफेसर आहे, त्याची मुलगी मेरियन आणि एक तरुण इंजिनिअर. बुधाची एक बाजू कायम सूर्याकडे, ती भाजून निघालेली. दुसरी बाजू कायम अंधारात, गोठलेली. मधे संधिप्रकाशाचा एक पट्टा आहे, तेवढ्यातच वस्ती. त्या लोकांना आवाज नाही. तळहातावर उजेड उमटवून ते बोलतात. प्रोफेसर वह्या भरून त्या खुणांचा तक्ता करत बसतो, आणि मेरियन तिथल्या पोरांबरोबर खेळता खेळता ती भाषा उचलते.

मंजुळा म्हणाली, “आमच्या बिगारीच्या वर्गातही असंच आहे. अहिराणी बोलणाऱ्या पोरींना मी आधी माझं मराठी शिकवायला गेले, त्या रडल्या. मग मीच त्यांच्यासारखं बोलायला लागले, तेव्हा मुळाक्षरं आली.”

ती सध्या कन्याशाळेत बिनपगारी मदतनीस म्हणून जाते. वेळ जातो, म्हणून मी जाऊ देतो.

ता. १२ डिसेंबर

आज कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका प्रमिलाबाई घरी आल्या. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, “मास्तर, मंजुळेला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात पाठवायचं. अर्ज मी भरते. अशी मुलगी माझ्या हाताखालून अजून गेली नाही.”

मी विचार करतो म्हणालो. चहा केला तो मंजुळेने. कपबशा आणताना तिने चहा बशीत सांडला. मला वाटतं, परक्या गावी जायच्या भीतीने.

ता. १९ डिसेंबर

अक्काचा निरोप घेऊन भाचा आला. जामनेरचं स्थळ आहे. मुलगा लोटन, कापसाचा व्यापार, घरची शेती, निर्व्यसनी. अक्काचं म्हणणं भाच्याने तिच्याच शब्दांत ऐकवलं, “तुह्या कौतिकमामाले सांग, पोरगी पुण्याले गेली म्हंजे मास्तरीणच होईन, मंग कोन करतं लगन? जामनेरले देशीन तं डोयासमोर राहीन. अन् तू एकला कसा राहशीन, याचा काही इचार केला का?”

शेवटच्या वाक्यावर मी भाच्याला उगाच रागावलो.

ता. ३ जानेवारी १९३८

पुस्तक रंगात आलं आहे. मंजुळा दिवसभर त्याचंच बोलते. मला मात्र इंग्रजी शब्दांसाठी कोश उघडावा लागतो आणि खोळंबा होतो. म्हणून आज शाळेतून येऊन पुढचं एकट्यानेच वाचत बसलो, शेवटपर्यंत.

मेरियन परत येत नाही.

विमान तयार होतं. प्रोफेसर हाक मारतो. ती म्हणते, “बाबा, माझं काम इथं आहे. ही मुलं माझी वाट बघतात.” तो विनवतो, रागावतो, आपलं म्हातारपण काढतो. ती त्याला मिठी मारते आणि मागे फिरते. तो एकटा पृथ्वीवर येतो. शेजारीपाजारी विचारतात तेव्हा ‘मुलगी सुखात आहे’ एवढंच सांगतो. संपलं. असला कसला शेवट? लेखकाला मुलगी नसावी.

आज वाचन केलं नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं. मंजुळेने कपाळाला सुंठ उगाळून लावली.

ता. ९ जानेवारी

काय करावं कळत नाही. इथे कुणी वाचणार नाही म्हणून खरं लिहितो. प्रमिलाबाईंचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. त्यावर माझी सही पाहिजे. अशा वेळी त्या पोरीला हे शेवटचं प्रकरण ऐकवायचं म्हणजे आगीत रॉकेल ओतणं. गोष्ट ही गोष्ट असते. बोलपटवाल्यांनी एवढं बदललं तर कुणाचं काय बिघडलं? अक्का तर आनंदाने रडत घरी आली. मी तर एकच प्रकरण बदलणार.

तिच्या हिताचंच आहे. पुण्यात कोण आहे तिचं? ताप आला तर पाणी कोण देईल?

ता. १४ जानेवारी

आज तिळगूळ घेऊन अक्काची माणसं आली होती, त्यांच्यातच जामनेरची मंडळीही होती. लोटनला पाहिलं. माणूस सरळ वाटला. बोलतो कमी, खातो नीट. मंजुळा विचारलं तेवढंच बोलली.

संध्याकाळी पुस्तक जागेवर नव्हतं. मंजुळाही नव्हती. शेजारच्या बेबाबाई म्हशीला पाणी दाखवत होत्या, त्या म्हणाल्या, “पोर प्रमिलाबाईकडे जायेल शे. संगे ते लाल पुस्तक बी लई गयी.”

परत आल्यावर विचारलं तर म्हणाली, “बाईंना चित्रं दाखवायची होती.” चेहरा उतरलेला दिसला. पाहुण्यांचं करून दमली असेल.

ता. १६ जानेवारी

आज शेवटचं प्रकरण ऐकवलं.

पुस्तक समोर धरूनच बोललो, म्हणजे ओळीवरून डोळे फिरत राहिले. मेरियन विमानाच्या शिडीपर्यंत येते, वळून बघते, पोरं हात हलवतात. मग ती बापाचा चेहरा पाहते आणि वर चढते. पृथ्वीवर आल्यावर तिचं त्या इंजिनिअरशी लग्न होतं. बोलता बोलता मला सुचत गेलं. इंजिनिअरचं घर प्रोफेसरच्या गावापासून जवळच होतं, म्हणालो. दर सणाला मेरियन यायची, म्हणालो.

मंजुळा भिंतीला टेकून बसली होती. मग म्हणाली, “हे तर बोलपटासारखंच झालं, आबा.”

“असतं एकेकदा. बोलपटवाल्यांनी शेवट तेवढा बरोबर घेतला.”

“पुस्तकात असंच आहे?”

“मग काय मी पदरचं सांगतो?”

“शेवटचं पान पुन्हा एकदा वाचता?”

पुन्हा वाचलं. पहिल्या वेळचे शब्द मला आठवेनात, थोडं इकडेतिकडे झालं. ती माझ्याकडेच बघत होती, पुस्तकाकडे नाही. संपल्यावर म्हणाली, “प्रोफेसरला किती बरं वाटलं असेल, नाही?”

“वाटणारच. बाप आहे तो.”

तिने कंदील बारीक केला. मला हायसं वाटलं.

ता. १७ जानेवारी

सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, “आबा, जामनेरला होकार कळवा.”

मी जबरदस्ती केली नाही, हे इथे लिहून ठेवतो. पुण्याचं काय, असंही मी विचारलं. म्हणाली, “राहू द्या. तुमच्या जेवणाखाणाचं कोण बघेल?” तिची तिलाच उमज पडली. तरीही मला जेवण गेलं नाही, आनंदाने असेल.

ता. ६ फेब्रुवारी

अर्ज परत करायला कन्याशाळेत गेलो. प्रमिलाबाईंनी बसायलाही सांगितलं नाही. अर्ज घेऊन खणात टाकला आणि म्हणाल्या, “मास्तर, तुमचं भाषांतर फार ऐकण्यासारखं असतं म्हणे.”

मी म्हटलं, “छे, आपलं मोडकंतोडकं. पोरीला समजेल इतपत.”

“तिला चांगलंच समजलं,” त्या म्हणाल्या.

बाई फटकळ खऱ्या, पण गुणाची कदर आहे.

ता. १५ मे

लग्न पार पडलं. अक्काने सगळं अंगावर घेतलं होतं. निघताना मंजुळा रडली नाही. मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “पिठाचा डबा खालच्या फळीवर आहे. डाळ उन्हात घालायला विसरू नका.”

लोटनराव म्हणाले, “आबा, कधीही या. घर तुमचंच शे.”

ता. २६ जून

शाळा सुरू झाली. दिवेलागणीला अजून कंदील पुसून बसतो. मग वाचायला कुणी नाही हे ध्यानात येतं. एकट्याने मोठ्यांदा वाचून पाहिलं. बेबाबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, “मास्तर, कोनासंगे बोली राह्यनात?”

अक्का म्हणाली होती, जामनेर म्हणजे डोळ्यासमोर. चाळीसगावला गाडी बदलायची, पाचोऱ्याला पुन्हा बदलायची आणि त्या छोट्या गाडीतून डुलत जायचं. पुणं याहून किती लांब पडलं असतं, हा हिशेब मी तेव्हा का केला नाही?

ता. २ नोव्हेंबर १९३९

मंजुळेला मुलगी झाली. पुष्पा नाव ठेवलं. बाळंतपण अवघड गेलं. मी जामनेरला पोचलो तेव्हा धोका टळला होता. बाळाला माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, “आबा, हिला इंग्रजी तुम्ही शिकवायचं. पहिल्यापासून.”

ता. ९ मार्च १९४१, जामनेर

इथल्या मुलींच्या शाळेत बाई पाहिजे आहेत. ट्रेनिंग नसलं तरी चालेल म्हणतात, कारण मिळतच नाही कुणी. मंजुळेने घरात विषय काढला. तिचे सासरे माझ्यासमोरच म्हणाले, “आपल्या घरच्या सुना पगाराले हात लावत नाहीत. मास्तर, तुम्हीच सांगा, बरोबर का नाही?”

सगळे माझ्याकडे पाहत होते. मंजुळाही दारात उभी होती. पाहुण्याने दुसऱ्याच्या घरात काय बोलावं? मी म्हटलं, “घराची रीत असते.”

ती आत गेली. लोटनराव जरा वेळाने उठून तिच्यामागे गेले. तो माणूस वाईट नाही. मी एक शब्द टाकला असता तर त्याने उचलून धरला असता, असं आता वाटतं. आता वाटून काय उपयोग?

ता. २० ऑक्टोबर १९४४, धुळे

दिवाळीला मंजुळा पुष्पाला घेऊन आली आहे. लढाईमुळे रॉकेल मिळत नाही, पण घर उजळल्यासारखं झालं आहे. तिची बोली पार बदलली. आता ‘मले’, ‘तुमाले’ म्हणते. पुष्पाचे केस मात्र शाळेतल्या बाईंसारखे घट्ट विंचरते.

आज दुपारी मी आत पडलो होतो. ओसरीवर पुष्पाची वेणी घालणं चाललं होतं आणि पोर हलू नये म्हणून मंजुळा गोष्ट सांगत होती. कानावर शब्द आला, ‘बुध’. मी उठून बसलो. सगळं होतं. भाजलेली बाजू, गोठलेली बाजू, तळहातावरचे उजेड. माझ्याहून चांगलं सांगत होती. मग विमान तयार झालं. प्रोफेसरने हाक मारली.

“मंग ती गेली का घरी?” पुष्पाने विचारलं.

“नाही वं. ती म्हनली, बाबा, माझं काम इथं आहे. ही पोरं माझी वाट बघतात. बाबाले मिठी मारली अन् मागं फिरली.”

“मंग बाबा रडला?”

“रडला. पन एकटा गेला. लोकांले सांगितलं, पोरगी सुखात आहे.”

मी दारात जाऊन उभा राहिलो. पोर खेळायला पळाली, तेव्हा मंजुळेने मान वर केली.

मी विचारलं, “कुणी सांगितलं तुला?”

“प्रमिलाबाईंनी. शेवटचं पान त्यांच्याकडून वाचून घेतलं होतं. तुम्ही सांगायच्या आधीच.”

“आधी? मग त्या दिवशी गप्प का बसलीस?”

ती फणीतले केस काढत होती. म्हणाली, “तुमचं डोकं दुखाले लागलं तेव्हाच मले वाटलं, शेवटाले काहीतरी आहे. ते समजून घेतलं अन् मनात ठरवलं. आबांनी आहे तसं वाचलं, तं सही मागायची अन् पुण्याले जायचं. तुम्ही दुसरंच सांगाले लागले. म्हनून दुसऱ्या डाव वाचाले लावलं. वाटलं, आता तरी वाचतीन. तुम्ही मेरियनचं घर आनखी जवळ आनलं.”

“मग भांडायचं होतंस! खोटारडा म्हणायचं होतंस!”

“कशी म्हनू? खोटं तुम्हाले जमत नाही, आबा. कपायावर घाम आलता तुमच्या. मले एवढंच समजलं, का हा मानूस एकटा राहू शकत नाही, अन् तोंडानं सांगूही शकत नाही. तशा मानसाले टाकून मी काय पोरं शिकवनार होती?”

मी उंबऱ्यावर बसलो. वाटत होतं की तिने रागवावं. ती रागावली नाही. म्हणाली, “मी दुःखात नाही. घर चांगलं आहे, ते चांगले आहेत. पन कधी कधी शाळेची घंटा ऐकू येते, तं हातातलं काम थांबतं. तेवढंच.”

ता. २१ ऑक्टोबर

झोप नाही. जुन्या वह्या काढून माझंच लिहिणं वाचलं. ‘तिची तिलाच उमज पडली.’ ‘गुणाची कदर आहे.’ हे लिहिणारा मनुष्य शाळेत पोरांना शिकवतो!

सकाळी तिला म्हटलं, “मी लोटनरावांशी बोलतो. तुझ्या सासऱ्यांशीही बोलतो. पुष्पाला माझ्याकडे ठेव. अजूनही ट्रेनिंगला जाता येईल.”

ती हसली. “आबा, आता दुसरं होनार आहे मले. सासूबाईंच्यानं उठवत नाही. अन् वयाची अट असते नं तिथं.”

“तरी मी बोलतोच.”

“बोला,” ती म्हणाली. “मी नाही म्हननार नाही. पन माझ्यासाठी बोला, तुमच्या मनाच्या समाधानासाठी नको.”

यातला फरक मला दिवसभर नीट कळला नाही.

संध्याकाळी प्रमिलाबाईंकडे गेलो. त्या आता निवृत्त होऊन इथेच राहतात. मी म्हटलं, “मी क्षमा मागायला आलो आहे.” त्या म्हणाल्या, “माझी कशाला? मी दुसरी मुलगी पाठवली. तिची जागा भरली, मास्तर. मुलींना जागा कमी पडतात, जागांना मुली कमी पडत नाहीत.” चहा मात्र दिला.

ता. २५ ऑक्टोबर

मंजुळेला पोचवायला पाचोऱ्यापर्यंत गेलो. जामनेरच्या गाडीला अवकाश होता. तिला आणि पुष्पाला बायकांच्या डब्यात बसवून मी खाली फलाटावर उभा राहिलो. तिच्या शेजारी एक म्हातारी बाई गाठोडं पोटाशी धरून घाबरून बसली होती. कधी गाडीत बसलेली नसावी. पुनःपुन्हा विचारत होती, “हे कोनतं गाव वं, बाई?”

मंजुळेने तिला नुसतं नाव सांगितलं नाही. खिडकीतून पाटीकडे बोट केलं आणि म्हणाली, “ते बघा मावशी, तीन अक्षरं आहेत. पहिलं पा, पान्यातला पा.” म्हातारी म्हणाली, “मले कशाले येते आता?” मंजुळेने तिचा हात धरला आणि तिच्याच बोटाने खिडकीच्या धुळीवर अक्षर काढवून घेतलं. एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी म्हातारीने आपलं आपणच काढलं, आणि मोठ्याने म्हणाली, “पा!” डब्यातल्या बाया हसल्या. मंजुळेचा चेहरा असा झाला होता की तसा मी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मी तिच्याशी काहीतरी बोलणार होतो. पण ती म्हाताऱ्या बाईला दुसरं अक्षर दाखवत होती, म्हणून थांबलो. गाडी हलली तेव्हा तिने मान वर केली नाही. मीही हाक मारली नाही.